डिचोलीच्या सरांना उत्तर: टेस्टोस्टेरॉनच्या ट्रायल कशासाठी

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी सकाळी फार्मसीचं शटर वर करेपर्यंत ती डोक्यात घोळत होती. ज्यांनी माझा आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाळिशीनंतरच्या थकव्यावर लिहिताना मी म्हटलं होतं की नुसत्या थकव्यासाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेऊ नयेत, आणि त्याला अमेरिकेतल्या क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघणाऱ्या प्रयोगांचा, आधार दिला होता. त्यावर सर लिहितात: त्यांच्या मेव्हण्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी निघालं, दोन इंजेक्शनांत माणूस उभा राहिला. माझ्यासारख्यांच्या लिहिण्यामुळे आधीच लाजणारे पुरुष आणखी गप्प बसतात. परदेशी कंपन्यांच्या पैशांवर झालेल्या ट्रायल आपल्या माणसांना लावू नयेत. आणि ट्रायलमध्ये तुलनेसाठी आजारी माणसाला वर्षानुवर्षं औषध नसलेलं जेल चोळायला देणं हे पाप आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तोच मला सगळ्यात जास्त लागला.

माझ्याकडे दर तीन महिन्यांनी एक मुलगा इंजेक्शन न्यायला येतो. वय चोविसाच्या आसपास. जन्मापासूनच त्याचे वृषण हे संप्रेरक पुरेसं तयार करत नाहीत. पहिल्यांदा आला तेव्हा आई सोबत होती, तो दाराकडे बघत उभा होता आणि चिठ्ठी तिने पुढे केली. चार मिलीलीटरची ती बाटली म्हणजे एरंडेलात विरघळवलेलं औषध, मधासारखं दाट. टोचण्याआधी थोडा वेळ मुठीत धरून कोमट कर, आणि नर्सला सावकाश द्यायला सांग, हे मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो. आता तो एकटा येतो. गालावर कधी कधी ब्लेडचा ओरखडा असतो, आणि तो बघून मला फार बरं वाटतं.

अशा माणसाला खोटं जेल देणं पापच आहे, सर. ट्रायल आखणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. 2023 मध्ये ज्या मोठ्या ट्रायलचे निष्कर्ष आले त्या 'ट्रॅव्हर्स'मध्ये, ज्यांना दीर्घकाळ औषधाविना ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही अशा हायपोगोनॅडिझमच्या (शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसं तयार न होण्याच्या) रुग्णांना घ्यायचंच नाही, असा नियम होता. क्लाइनफेल्टर सिंड्रोम हा जन्मजात दोष, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, मोठेपणी गालगुंड होऊन खराब झालेले वृषण, केमोथेरपीचे परिणाम, या माणसांना औषध लागतं यावर डॉक्टरांत वाद नाही.

वाद आहे तो दुसऱ्या गटाबद्दल. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, झोप मोडलेली, आणि रिपोर्टमधला आकडा थोडासा खाली. टेस्टोस्टेरॉन 1935 पासून प्रयोगशाळेत तयार होतं आहे, तरी या माणसांना त्याचा नेमका काय उपयोग होतो हे नीट तपासायला पुढची सत्तरेक वर्षं जावी लागली. 65 वर्षांवरच्या पुरुषांवर 'टेस्टोस्टेरॉन ट्रायल्स' झाल्या. त्यांसाठी 51,085 जणांची छाननी झाली आणि निकषांत बसले फक्त 790. म्हणजे 'वय झालं, आता कमीच असणार' हा आपला समज किती ढिला आहे बघा. निम्म्यांना जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं औषध नसलेलं जेल, वर्षभर. कामेच्छा वाढली, पण बेताची. मन थोडं हलकं झालं. मात्र ज्या थकव्यासाठी लोक माझ्या काउंटरवर येतात, त्यावर ठोस फरक दिसला नाही. स्मरणशक्तीवरही नाही.

तुमच्या मेव्हण्यांना बरं वाटलं हे मी खोटं मानत नाही. पण औषध नसलेलं जेल चोळणाऱ्यांतही कितीतरी जणांना बरं वाटतं. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय, तपासतंय, काहीतरी चाललंय, यानेही माणूस उठून बसतो. तुलनेला तो औषध नसलेला गट नसेल तर यातलं श्रेय कुणाचं किती, हे औषध देणाऱ्या डॉक्टरलाही कळणार नाही आणि विकणाऱ्या मलाही नाही.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते हाडांच्या निकालाने. त्या 790 जणांच्या ट्रायलमध्ये हाडांची घनता वाढलेली दिसली होती. साहजिकच सगळ्यांना वाटलं, मग फ्रॅक्चर कमी होणार. मीसुद्धा तसं ग्राहकांना सांगितलं आहे. मग ट्रॅव्हर्समध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा झाला आणि दिसलं भलतंच: औषधाच्या गटात 91 जणांची हाडं मोडली, दुसऱ्या गटात 64 जणांची. स्कॅनवर हाड घट्ट आणि प्रत्यक्षात मोडतंय. हे कुठल्याही अनुभवी डॉक्टरला आपल्या दवाखान्यात बसून दिसलं नसतं, कारण पडून मनगट मोडलेला माणूस हाडवाल्याकडे जातो, हार्मोनवाल्याकडे नाही.

पैशाबद्दलचा तुमचा संशय योग्य आहे, आणि तो तसाच राहू द्या. ट्रॅव्हर्सचा खर्च औषध कंपन्यांनीच केला. मात्र तो त्यांनी हौसेने केला नव्हता. हृदयविकाराची भीती पुढे आल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2015 मध्ये त्यांना ही तपासणी करायला लावली. भीतीला कारणही होतं. आधीच्या एका ट्रायलमध्ये 209 वृद्ध पुरुष होते, औषधाच्या गटात 23 जणांना हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला, दुसऱ्या गटात 5 जणांना, आणि ती मध्येच थांबवावी लागली. ट्रॅव्हर्समध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, 7.0 आणि 7.3 टक्के. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं मात्र औषधाच्या गटात जास्त. कंपन्यांच्या सोयीचं आणि गैरसोयीचं, दोन्ही छापून आलं.

'आपल्या माणसांवर कुठे झालंय?' इथे मी तुमच्या बाजूने आहे. तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे चिकटवू नयेत. पण मग आपली माणसं ट्रायलमध्ये जायला हवीत, आणि 'माणसांचे उंदीर करतात' म्हणून आपण त्यांना अडवत असू तर तो पुरावा येणार कुठून? भारतात 15 जून 2009 पासून प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते, आणि ती घरबसल्या कुणालाही फुकट बघता येते. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस असावा लागतो. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठीत किंवा कोकणीत मागा, इंग्रजी कागदावर सही करू नका. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. मधेच सोडून येता येतं, कारण न सांगता.

आता माझी चूक. 'हा सगळा थकलेल्या पुरुषांचा बाजार आहे' असं वाक्य मी लिहिलं होतं. त्या मुलाच्या आईने ते वाचलं असतं तर तिला काय वाटलं असतं? ते वाक्य मी आज काढून टाकलं.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली होती. मागच्या चवथीच्या आधी पस्तिशीतला एक गृहस्थ आला. लग्नाला चार वर्षं, मूल होत नाही, बायकोच्या तपासण्या चालू. आणि हा ताकदीसाठी वर्षभर टेस्टोस्टेरॉन टोचून घेत होता. बाहेरून हे संप्रेरक आलं की मेंदू वृषणांना पाठवायचा संदेश थांबवतो आणि शुक्राणू कमी होत जातात, कित्येकांत शून्यावर येतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. बायको बिचारी सुया टोचून घेत होती. लाजून गप्प बसण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, सर. तो हे सगळं माझ्याशी काउंटरवर दुसरं कुणी नसताना, खालच्या आवाजात बोलला.

मेव्हण्यांबद्दल एवढंच करा. त्यांचा तो पहिला रिपोर्ट काढून रक्त घेतल्याची वेळ बघा. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, जेवणानंतर उतरतं, तापातही उतरतं. दुपारी चारला जेवून घेतलेल्या रक्तावर निदान होत नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी तपासावं लागतं. सोबत एलएच (पिट्युटरीकडून वृषणांना जाणारं संप्रेरक) तपासलं होतं का, तेही बघा. दोष वृषणात आहे की पिट्युटरीत, हे त्यावरून कळतं. नसेल केलं तर गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जुने कागद घेऊन जाता येईल.

आणि पुढच्या इंजेक्शनाआधी सीबीसी ही रक्तपेशींची साधी तपासणी करून घ्या. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार पुरुषांवर दोन वर्षं, त्या मुलाला लागतं त्याच दाट इंजेक्शनाची ट्रायल झाली. तिथे व्यायाम-आहाराच्या जोडीने मधुमेह कमी झाला ही चांगली बातमी, पण औषधाच्या गटात पाचांतल्या एकाहून जास्त जणांचं रक्त दाट झालं. रिपोर्टमध्ये ते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी, असं लिहिलेलं असतं. ते 54 च्या वर असेल तर ते इंजेक्शन घेऊ नका, आधी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. रिपोर्ट वाचायला अडचण आली तर मेव्हण्यांना माझ्याकडे पाठवा. दुपारी एक ते तीन काउंटरवर गर्दी नसते.