शर्यत पहाटे पाचलाच सुटली पाहिजे

आज दुपारी जेवायला बसले आणि आयोजकांचा मेसेज आला. मार्चच्या मध्यावर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर जी हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत आहे, ती पहाटे पाचऐवजी सव्वासहाला सुटणार. कारण दिलंय: प्रमुख पाहुण्यांच्या उपलब्धतेनुसार फ्लॅग-ऑफच्या वेळेत बदल. खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार'. पुढचा घास घशाखाली उतरेना.

एका माणसाला पहाटे यायला जमत नाही म्हणून बाकी सगळ्यांनी उन्हात पळायचं?

तुमच्यातले निम्मे पळणारे आहेत, निम्मे नाहीत, पण आपल्याकडचा मार्च कोणाला समजावून सांगायला नको. मार्चच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. दीड तासात हाफ संपवणारा पोरगा पाचला सुटला तर सूर्य उगवायच्या आत मेडल गळ्यात घालून पोहे खात असतो. सव्वासहाला सुटला तरी पावणेआठला मोकळा, त्याचं फारसं बिघडत नाही. आमच्या काकूंना २१ किलोमीटरला तीन तास दहा मिनिटं लागतात. पाचला सुटल्या तर आठ दहाला पोचतील, सव्वासहाला सुटल्या तर नऊ पंचवीसला. उन्हातला वेळ जवळजवळ दुप्पट झाला की हो! जो सगळ्यात हळू, त्याच्या वाट्याला ऊन सगळ्यात जास्त आणि पाणी सगळ्यात कमी. पाण्याचं उगाच म्हणत नाहीये. डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या वर्षीची, दुसऱ्याच एका शर्यतीची गोष्ट. महिना मार्चच. तिथेही कोणाची तरी गाडी यायची होती म्हणून आम्हाला सुरुवातीच्या कमानीपाशी ताटकळत उभं केलं होतं. निवेदक मधूनमधून 'जोश कसा आहे' विचारत होता आणि पूर्वेला उजाडत चाललं होतं. माझं संपलं, मी पाय ताणले, केळं खाल्लं, काकूंची वाट बघत बसले. त्यांची वेळ उलटून गेली तशी उठले आणि रस्त्याने उलटी चालत निघाले. शेवटून दुसऱ्या पाण्याच्या टेबलावर आले तर टेबल होतं, पाणी नव्हतं. वीस लिटरचे जार आडवे पडलेले, कागदी ग्लासांचा चिखल झालेला, आणि बारावी-तेरावीतला एक पोरगा टेबलाचे पाय दुमडत होता. मला म्हणाला, 'मॅडम, आम्हाला साडेआठपर्यंतचंच सांगितलं होतं.' त्या पोराला मी काय बोलणार? तोच रडवेला झाला होता.

काकू त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर दुभाजकाला टेकून बसल्या होत्या. पुढचं सांगतेच, आधी काकू कोण ते सांगते.

काकू साठीच्या आहेत. सानपाड्यात त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज पहाटे तीनला उठून कणीक भिजवतात, मदतीला आलेल्या बायकांच्या हाती काम सोपवतात आणि साडेचारला आमच्याबरोबर रस्त्यावर हजर. काका गेल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चालता चालता बाई पळायला लागली. डोक्याला ओढणी घट्ट बांधतात, कमरेच्या पाऊचमध्ये मीठ-साखरेची पुडी आणि राजगिऱ्याचा लाडू. त्यांनी कधी कोणाला 'माझं टायमिंग किती' असं विचारलेलं मला आठवत नाही. ट्रेनिंगच्या तक्त्यातला एक दिवस मात्र चुकवत नाहीत.

आणि यंदाचं ट्रेनिंग काय होतं, ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत. दिवाळीनंतर सुरू करू म्हटलं तर आकाशकंदील अजून टांगलेले आणि वर पाऊस. बूट सुकेनात, एकजण घसरून मनगट मोडून बसला. डिसेंबरात धुरकं. पहाटे वाशीच्या खाडीकडे बघितलं तर पलीकडचं काही दिसत नाही, घसा दिवसभर खवखवतोय. अशा हवेत लाँग रन करायचा की नाही यावर ग्रुपवर रोज वाद. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते, तसल्या धुरक्यात पळण्यापेक्षा घरात जिने चढा. मग जानेवारीत जेमतेम पंधरा-वीस दिवस ती सुंदर थंडी आली. हातमोजे घालून पळणारे लोक, करावे गावाच्या बाजूने येणारा गार वारा, टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या पुढे पाणथळीत फ्लेमिंगोंची गुलाबी ओळ. त्या दिवसांत वाटलं, यापरतं काही नको आयुष्यात. काकू तेव्हा सीवूड्सच्या सिग्नलला थांबून मला म्हणाल्या होत्या, 'अगं, पाय कसे आपोआप पडतायत बघ.' त्यांचा तो चेहरा मला फार आवडतो.

आणि फेब्रुवारीत एकदम भट्टी. आपल्याकडे म्हण आहे, होळी जळाली, थंडी पळाली. आता होळीची वाट कोण बघतंय? २०२५च्या फेब्रुवारीच्या शेवटी हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, आठवतंय ना? किनाऱ्यावर ३७ अंशांच्या पुढे पारा गेला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर असला की लाट म्हणतात. फेब्रुवारीत! शाळेत शिकलेले खारे वारे या दिवसांत दुपार कलली तरी येत नाहीत, पूर्वेकडचे कोरडे गरम वारे जमिनीवरून येऊन त्यांना अडवून धरतात, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असून आपण भाजून निघतो. शिवाय खात्याचं तापमान सावलीतल्या पेटीतलं. पाम बीचच्या डांबरावर सावली कुठली? नावाला पाम आहेत, सावलीला नाहीत. ठाण्याच्या मैत्रिणी येऊरच्या चढावर पळतात, त्यांना झाडं तरी आहेत.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. हळूहळू घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयाची धडधड आटोक्यात येते. पण हवा दहा दिवस एकसारखी राहील तर ना! या आठवड्यात सोमवारी पहाटे खाडीवर धुकं होतं आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला माझ्या टोपीतून घाम टपकत होता. हवामान आपल्या हातात नाही. प्लॅन बदलत राहायचं, अंतर कमी करायचं, अंधारात उठायचं, एवढंच आपण करू शकतो. आणि ते आम्ही केलंय. बायका अंधारात, भरधाव गाड्यांच्या कडेने, एकमेकींचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरात पळाल्यात. या सगळ्यात आयोजकांच्या हातात होती ती फक्त सुटायची वेळ. तीच त्यांनी पाहुण्यांना देऊन टाकली.

हं, तर त्या दिवशी. काकू दुभाजकाला टेकलेल्या. मी हाक मारली तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'पीठ मळायचं राहिलंय गं, सोड मला.' मला आधी वाटलं गंमत करतायत. मग त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर मळायला सुरुवात केली. खरंच मळत होत्या, तळव्याने दाबून, वळवून, परत दाबून. घामाने निथळत होत्या, तरी कपाळाला हात लावला तर चटका बसावा असं अंग. लोकांना वाटतं घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही. पळणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा घाम सुरूही असतो, भान मात्र जातं. माणूस असंबद्ध बोलायला लागला की वाट बघायची नाही. आधी अंग गार करायचं, मग बाकीचं.

पण गार कशाने करणार? टेबलावर पाणी नाही, ॲम्ब्युलन्स फिनिश लाइनपाशी. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले. एक टेम्पो थांबला, दिवाळे गावच्या कोळणी होत्या, मासळीच्या पेट्या घेऊन चाललेल्या. त्यातल्या एकीने काही विचारलं नाही. थर्माकोलची पेटी उघडली, पापलेटांवरचा बर्फ दोन्ही ओंजळींनी काढला आणि काकूंच्या मानेला, काखेत, डोक्याला लावायला लागली. ओढणी सोडून भिजवली, तिने वारा घातला. 'आये, डोले उघर,' म्हणत होती सारखी. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी काकूंनी मला नावाने हाक मारली होती. दोन दिवस सलाईनवर होत्या. बऱ्या झाल्या.

त्या कोळणीचं नावही विचारायचं राहून गेलं. तिचा बर्फ गेला, पैसे घेतले नाहीत.

आता मला कोणी सांगू नका की 'झेपत नाही तर उतरायचं कशाला'. आज ग्रुपवर एकाने लिहिलंच तसं. ज्याने लिहिलं तो पावणेआठला मोकळा होणारा आहे. काकूंनी तेवढीच फी भरलीय जेवढी त्याने. आणि आयोजकहो, कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मर्यादा, साडेतीन तासांचा तुम्हीच छापलाय ना? मग साडेतीन तासांपर्यंत प्रत्येक टेबलावर पाणी, मीठ आणि बर्फ ठेवणं तुमचं काम. काकूंना झेपतं. पाणी मिळालं असतं तर त्या दिवशीही झेपलं असतं.

पाहुणे आले की परवानग्या लवकर मिळतात, प्रायोजक येतात, हे कळतं मला. पहाटे पाचच्या शर्यतीला कल्याण-पनवेलहून येणाऱ्यांचे हाल होतात, हेही खरंय. पण मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते, तशी मागणी करा ना रेल्वेकडे. कोणी म्हणेल पाचला हवेत दमटपणा जास्त असतो. असतो, पण डोक्यावर सूर्य नसतो.

आणि वेळ बदलता येत नाही हे तर सांगूच नका. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्यामुळे आधीच साप्पोरोला हलवली होती. तिथेही २०२१च्या ऑगस्टमध्ये बायकांच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ठरलं की उद्या सातऐवजी सहाला सोडायची. ऑलिंपिक! जगभरचं थेट प्रक्षेपण बाजूला ठेवून एक तास अलीकडे आणली. दोहाला २०१९च्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री सोडली, तरी ६८ पैकी २८ जणींना अर्ध्यात थांबावं लागलं. त्या जगातल्या सगळ्यात तयारीच्या बायका होत्या. आणि इथे वेळ अलीकडे आणायच्या ऐवजी उन्हात ढकलतात.

१६ एप्रिल २०२३ आपण विसरलो का? इथेच, खारघरला, पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले. ती माणसं पळत नव्हती, बसलेली होती. खारघर पाम बीचपासून किती लांब आहे? मग कोणाला तरी मेसेज टाइप करताना थरकाप व्हायला नको?

मघाशी काकूंना फोन केला. म्हटलं काकू, सव्वासहाला केलीय. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'मग मी दहा किलोमीटरचीच करते, नाव बदलून मिळतं का बघ.' म्हणजे त्यांनीच माघार घ्यायची. दिवाळीपासून पावसात, धुरक्यात, अंधारात तयारी करणारी बाई एका गाडीसाठी आपलं अंतर निम्मं करणार. मला नाही चालणार हे. काकू, तुम्ही हाफच पळायची.

तर असं करूया. पत्र लिहून तयार आहे. मागण्या तीन: शर्यत पाचला सोडा, पाहुण्यांना यायचं असेल तर बक्षीस समारंभाला या म्हणावं, आम्ही टाळ्या वाजवू. शेवटचा धावक जाईपर्यंत एकही पाण्याचं टेबल उचलायचं नाही, आणि प्रत्येक टेबलावर बर्फाची पेटी. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मागच्या धावकांबरोबर एक ॲम्ब्युलन्स. उद्या संध्याकाळी सात ते नऊ मी नेरुळ स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा स्टँडपाशी पत्र घेऊन उभी असेन. बिब नंबर, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, लिहून सही करा. दीड तासात संपवणाऱ्यांनी तर आधी या, तुमच्या सहीला तिथे जास्त वजन आहे. बुधवारी सकाळी आम्ही चौघी-पाच जणी ते आयोजकांच्या ऑफिसात नेऊन देतोय, काकू केंद्र बंद करून येणार आहेत.