लाखाचा पगार नक्की कुणाच्या खात्यात जमा होतो?

"सरकारी दवाखान्यातली नर्स महिन्याला लाख रुपये उचलते, दुपारी दोनला कुलूप लावून घरी जाते, म्हातारपणी बसून पेन्शन खाते आणि तरीही संप करते. अर्धा खजिना यांच्यावर जातोय. हाकला यांना आणि निम्म्या पगारात कंत्राटी पोरं भरा." सांगली-मिरजेच्या बहुतेक ग्रुपांवर हा मजकूर येऊन गेलाय. कुणी त्यात आशा स्वयंसेविकांना ओढलं, कुणी डॉक्टरांना, पण गाभा तोच.

माझी नोकरी आरोग्य खात्यात पगारबिलं करण्यात गेली. 2005 च्या आधीचा असल्यामुळे मला जुनी पेन्शन मिळते. तेव्हा मी काही तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पगाराचा कागद वाचता येतो, आणि हा मजकूर लिहिणाऱ्याने तो कधी पाहिलेला नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं.

लाखापासूनच सुरुवात करू. जिल्हा परिषदेची कायम आरोग्यसेविका सातव्या वेतन आयोगात 25,500 ते 81,100 या वेतनश्रेणीत येते. नवीन लागलेल्या मुलीचं मूळ वेतन 25,500. त्यावर 55 टक्क्यांनी महागाई भत्ता धरला तर 14,025, म्हणजे दोन्ही मिळून 39,525. घरभाडं वर, तर एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) 10 टक्के कपात म्हणजे चार हजाराला थोडे कमी आणि व्यवसाय कर 200 खाली. सगळं वजा-बेरीज करून हातात चाळीस हजारांच्या आत-बाहेर येतात. वाढ वर्षाला 3 टक्के. नुसत्या वार्षिक वाढीवर मूळ वेतन दुप्पट व्हायला 24 वर्षं लागतात. मधे पदोन्नती किंवा 10, 20, 30 वर्षांच्या सेवेनंतरची आश्वासित प्रगती (पदोन्नतीशिवाय मिळणारी वरची श्रेणी) लागली तर जरा लवकर. निवृत्तीला टेकलेल्या सिस्टरचा एकूण पगार भत्ते धरून लाखाच्या आसपास पोचतो, हे खरं आहे. मजकूर लिहिणाऱ्याने अशाच एखादीची स्लिप बघितली असेल. पण गावच्या उपकेंद्रात आज जी दिसते ती बहुतेक वेळा ही नसतेच.

कारण तिच्या शेजारच्या टेबलावर राष्ट्रीय आरोग्य अभियानाची सिस्टर बसते. तीच लस, तीच प्रसूती, तेच रजिस्टर. अभियानाच्या गेल्या काही वर्षांतल्या जाहिराती काढून बघा: एएनएमला (म्हणजे आरोग्यसेविकेला) 18 हजार, स्टाफ नर्सला 20 हजार, आणि तेही एकत्रित मानधन. त्यात ना महागाई भत्ता, ना घरभाडं, ना श्रेणी. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसणारे कितीतरी जण बीएएमएस डॉक्टर आहेत. त्यांना 25 हजार ठरलेले आणि कामाचे निर्देशांक भरले तर वर 15 हजारांपर्यंत. पोर्टल बंद पडलं, नोंद चढली नाही, की ते 15 हजार तितके राहत नाहीत. शिवाय केंद्राचा हप्ता उशिरा आला की कायमवाल्यांचा पगार झालेला असतो आणि कंत्राटीवाले "सर, ग्रँट आली का?" विचारत खिडकीशी उभे असतात. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की समोरचा तोंड उघडायच्या आतच मी मान हलवायचो.

आता पेन्शन. या मुद्द्यावर मजकूर सगळ्यात जास्त चुकलाय, म्हणून इथे जरा थांबू. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्या कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन लागू नाही. आधी परिभाषित अंशदान योजना आली, मग एनपीएस. कर्मचाऱ्याच्या पगारातून 10 टक्के जातात आणि सरकार आपला वाटा घालतं, तो आधी 10 टक्के होता, पुढे 14 झाला. पैसे बाजारात. निवृत्तीच्या दिवशी जमलेल्या रकमेतले 40 टक्के देऊन विमा कंपनीकडून वर्षासन (दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना) घ्यावं लागतं, बाकीचे हातात मिळतात.

समजा, वीस वर्षं नोकरी करून एखाद्या सिस्टरच्या खात्यात 20 लाख जमले. 8 लाखांचं वर्षासन घेतलं. सहा-साडेसहा टक्क्यांनी महिन्याला चार ते साडेचार हजार. त्यावर महागाई भत्ता नाही, म्हणजे वयाच्या 58 व्या वर्षी जो आकडा तोच 78 व्या वर्षी. 12 लाख हातात येतात, नाही असं नाही. ते मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये जातात, हेही आपल्याला ठाऊक आहे. उलट माझ्यासारख्या जुन्या माणसाला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं मिळतं, वर महागाई भत्ता मिळतो आणि माझ्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. एकाच कार्यालयात, एकाच फाईलवर सह्या करणाऱ्या दोघांत एवढी तफावत आहे.

मार्च 2023 मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत लोक रस्त्यावर आले ते यासाठी. 14 मार्चला सुरू झालेला तो संप 20 तारखेला मिटला. पेन्शन खाऊन माजलेले संपावर गेले असं मजकूर म्हणतो. रस्त्यावर होते त्यातल्या बहुतेकांना ती नव्हतीच, म्हणून तर ते मागत होते. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये, ज्यांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत योजना मंजूर केली. तीत 25 वर्षं सेवा भरली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे. सुधारणा आहे, मी नाकारत नाही. पण भरत्या वर्षानुवर्षं रखडल्यामुळे चाळिशीला टेकून नोकरीला लागलेल्यांची 25 वर्षं 58 पर्यंत भरतील कशी? आणि कंत्राटी सिस्टरचा यातल्या कुठल्याच योजनेशी संबंध नाही.

"दुपारी दोनला कुलूप." कुलूप दिसतं, हे खरं. तेव्हा ती कुठे असते ते सांगतो. दिवाळीनंतर वाळवा, पलूस, कऱ्हाड भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि फडाच्या कडेला पालं पडतात. तिथली पोरं गावच्या यादीत नसतात, कार्ड बहुतेक वेळा गावाकडेच राहिलेलं. सिस्टर सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा कॅरिअर उचलते, त्यात चार आइसपॅक. आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेले, पालावर सात-आठ वर्षांची बहीण तान्ह्याला सांभाळत बसलेली. त्या पोरीच्या भरवशावर सुई टोचता येत नाही. मग मुकादमाला फोन, मग आईची वाट. गोवर-रुबेलाची किंवा बीसीजीची कुपी एकदा पाण्यात कालवली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून ती एका पोरासाठी कुपी फोडत नाही, दुसऱ्या पालावरची पोरं गोळा होईपर्यंत थांबते. संध्याकाळी उरलेल्या लसी परत शीतपेटीत पोचवायच्या आणि रात्री घरी मोबाईलवर नोंदी चढवायच्या. उपकेंद्रात ती एकटी किंवा फार तर दोघी, आणि साधारण 5 हजार लोकसंख्या. ती पालावर असेल तर दाराला कुलूपच असणार, दुसरं काय असणार!

यावर कुणी म्हणेल, सगळीच कुलपं पालावरची नसतात. नसतातच. खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता घेऊन संध्याकाळी खासगी दवाखान्यात बसणारे डॉक्टर आम्ही पाहिलेत. मुख्यालयी राहत असल्याचा दाखला देऊन मिरजेहून रोज ये-जा करणारेही पाहिलेत, आणि त्यांच्या घरभाड्याची बिलं आम्हीच काढलीत. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण त्या दहा जणांचा राग पालावर उभ्या असलेल्या बाईवर काढायचा, हे कुठलं शहाणपण? काही ठिकाणी राहायचं म्हटलं तर क्वार्टरचं छत गळतं, ही गोष्ट वेगळीच.

आशांबद्दल मजकुराच्या एका आवृत्तीत "पगार वेगळा, कामाचे पैसे वेगळे" असं लिहिलंय. आशा ही कागदोपत्री कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. पगार नाही, कामावर मोबदला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची. या सहा भेटींचे मिळून 250 रुपये, म्हणजे एका भेटीला 41 रुपये 67 पैसे. जत तालुक्यात घरं गावात कमी आणि मळ्यात जास्त. उमदी, संख भागात तर बाळंतिणीशी कन्नडमध्ये बोलावं लागतं. वस्तीवर जायला एसटी नाही, नवऱ्याची गाडी मिळाली तर ठीक. पेट्रोल कुणाच्या खिशातलं, ते विचारू नका. राज्याचा वाढीव मोबदलाही सुखासुखी आला नाही. ऑक्टोबर 2023 च्या संपानंतर 7 हजारांची वाढ जाहीर झाली, शासन निर्णय काही निघेना, जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप झाला, आणि मार्चमध्ये मंजूर झाले ते 5 हजार. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा गौरव केला होता.

"अर्धा खजिना" हा हिशेब पटकन उरकतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज असे तीन मिळून महसुलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा जातो. मजकुरात व्याज गाळलंय आणि उरलेलं सगळं दवाखान्याच्या माथी मारलंय. शिक्षक, पोलीस, महसूल, सगळ्यांचे पगार त्यातच येतात. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलं होतं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

संपात रुग्णांचे हाल होतात, हे मात्र मान्य. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे जातात, गरीब माणूस हेलपाटे घालतो आणि त्याचा दोष कुणाचाच नसतो. त्यावर "कंत्राटी भरा" हा उपाय सुचवणाऱ्याला बहुधा माहीत नाही की तो उपाय 2005 पासून, म्हणजे ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून चालू आहे. ठराविक महिन्यांचा आदेश, तो संपला की एक-दोन दिवसांचा खंड, मग नवा आदेश. कायम भरतीची वाट बघावी तर मार्च 2019 मध्ये निघालेली जिल्हा परिषदांची जाहिरात रद्द होऊन ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा निघाली. 2021 च्या ऑक्टोबरात आरोग्य विभागाची परीक्षा झाली, तिचे पेपर फुटले. दरम्यान वयाची अट कुणासाठी थांबली नाही.

14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने दहा वर्षं पुरी केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना समकक्ष पदांच्या 30 टक्के जागांवर सामावून घ्यायचं ठरलं. वर्ष उलटून गेलं तरी समायोजन होईना, म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये राज्यभरातले अभियानाचे कर्मचारी कामबंद करून बसले. मजकुरात ज्यांना संपकऱ्यांच्या जागी आणायचं म्हटलंय, ती कंत्राटी पोरं म्हणजे हीच.