काकू, तुमचं निम्मं खरं आहे

काकू, नमस्कार.

भात-भाकरीशिवाय, स्वस्तात, ‘डेट’साठी दोघांचं जेवण कसं केलं, हे मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुम्ही जे सुनावलंत ते आधी इथं मांडतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायचं. पोरगी पहिल्यांदा घरी जेवायला आली आणि ताटात ना भाकरी ना भात, हा कसला पाहुणचार? स्वस्त स्वस्त म्हणतोस आणि बदामाचं पीठ आणायला सांगतोस? फ्लॉवरला भात म्हणायचं बंद कर. साखर नको होती तर आपला गूळ होता की. आणि आमच्या यजमानांना शुगरची गोळी चालू आहे, त्यांनी असलं जेवण केलं तर चक्कर येऊन पडतील, त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं सरळ माझी चूक आहे. ‘शुगर असलेल्यांनी बिनधास्त करावं’ असं मी लिहून बसलो. ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे, त्यांनी भाकरी काढून टाकली आणि डोस तोच ठेवला तर औषध आपलं काम करतच राहतं आणि साखर नको तितकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर ही भीती बरीच कमी असते. काकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात असा बदल करू नये. लेखातलं ते वाक्य काढून आता हे घातलंय.

आता पाहुणचार. तिला बत्तिसाव्या वर्षी शुगर निघाली. मेटफॉर्मिन घेते आणि भात-पोळी मोजून खाते. जेवायला ये म्हटल्यावर फोनवर म्हणाली, “कुणाकडं गेलं की माझं अर्धं जेवण ‘नको, नको’ म्हणण्यातच जातं.” आपल्याकडं आग्रह कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू. एक तरी ताट असं असावं ज्यातलं काहीच तिला नाकारावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कंजूषपणा नव्हता हो.

भाकरीनं काय होतंय, असंही तुम्ही विचारलंय. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि पोटात गेली की त्यांची साखरच होते. आपल्या हाताची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तरी ४० ग्रॅमच्या वर गेलो. मैद्यापेक्षा भाकरी बरी, चोथा जास्त, सगळं मान्य. पण ‘भाकरी आहे, कितीही खा’ हे काही खरं नाही.

बदामाच्या पिठावर माझी पूर्ण शरणागती. तो पुडा अख्ख्या चिकनपेक्षा महाग पडला, त्याच्या पोळ्या तव्यावर तुटल्या आणि शेवटी त्या मीच दोन दिवस चहाबरोबर संपवल्या. लेखात ते का घातलं? इंटरनेटवर सगळे घालतात म्हणून. ते सोडून त्या दिवशी झालेला खर्च असा: अर्धा किलो हाडांसकट चिकन १२०, चार अंडी २८, फ्लॉवरचा गड्डा ३०, नारळ ३५, दही ४५, काकडी-कोथिंबीर-लिंबू २५, आणि तूप-तेल-चटणी-मसाल्याचे अंदाजे ४०. सव्वातीनशेच्या आत दोघं पोटभर. मटण का नाही, हे तरी विचारू नका. २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलन करणारं आपलं कोल्हापूर.

खरं सांगायचं तर हे जेवण स्वस्तात झालं ते रश्श्यामुळं, आणि ही अक्कल काही इंटरनेटवरून आलेली नाही. थोडं मटण, भरपूर पाणी आणि घरात दहा माणसं, यातूनच आपला रस्सा वाढत गेला असणार. मी चिकन आलं-लसूण आणि मीठ लावून, हळद न घालता, मंद आचेवर चांगला पाऊण तास शिजवलं. हाडं आणि मान मुद्दाम मागून घेतली होती, चव त्यांचीच उतरते. ते पाणी (आपल्याकडं त्याला अळणी म्हणतात) रश्श्यासाठी गाळून घेतलं. चिकनचे तुकडे कांदा-लसूण चटणीत परतून सुकं केलं. कांदा एकच आणि तोही लहान, कारण कांद्यातही गोडी असते.

पांढऱ्या रश्श्याला तुपात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी. वाटणाला दोन चमचे पांढरे तीळ आणि ओलं खोबरं. खसखस परवडत नाही म्हणून नाही घातली. काजू मात्र मुद्दाम टाळले. १०० ग्रॅम काजूत ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि हॉटेलातला रस्सा दाट होतो तो बऱ्याचदा त्यांच्यावरच. नारळाचं घट्ट दूध अगदी शेवटी घातलं आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद केला. एकदा ते फुटलं की रश्श्यावर चोथा तरंगतो आणि मग वर कितीही कोथिंबीर टाका, लपत नाही. (पहिल्या खेपेला माझं फुटलं होतं. ती खेप मी एकट्यानंच जेवलो.)

बुडवून खायला काय, हा प्रश्न खरा होता. नुसता रस्सा पिऊन कोल्हापुरी माणसाचा हात रिकामा राहतो. म्हणून दोन-दोन अंडी फेटून, मिरी-कोथिंबीर घालून त्यांच्या पातळ पोळ्या घातल्या. घडी घालून रश्श्यात बुडवल्या तर बऱ्या लागतात. भाकरीची सर नाही येत, उगीच कशाला खोटं बोलू. बरोबर दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर.

फ्लॉवरला भात म्हणणं बंद केलं, काकू. आजपासून फ्लॉवरचा कीस. फक्त एक सांगतो: किसला की कापडात घट्ट पिळून घ्यायचा, जिऱ्या-तुपावर मोठ्या आचेवर चार मिनिटं परतायचा आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. झाकण ठेवलं की वाफेनं गिचका होतो आणि शाळेतल्या डब्यासारखा वास सुटतो. तुम्ही खाल्लेला बहुधा तसलाच असणार.

गुळाचं मात्र ऐकणार नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण ऊस तोच आणि गोडीही तीच. शुगर असलेल्या माणसाच्या रक्तात गूळ शिरला काय आणि साखर शिरली काय, फारसा फरक पडत नाही. मी सकाळीच दही फडक्यात टांगून ठेवलं होतं. संध्याकाळी त्या चक्क्यात वेलची-जायफळ आणि चिमूटभर मीठ फेटलं. गोड नव्हतं, पण तिनं वाटी पुसून खाल्ली. गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊ म्हणून मी आधी ठरवलं होतं, तेही सोडलं. मोठ्या ग्लासभर दुधातही १२ ग्रॅमच्या आसपास दुधातली साखर असतेच.

राहिला ‘डेट’ हा शब्द. तुम्हाला खटकला, तर जेवायला बोलावलं म्हणा. आमच्या घरमालकीणबाईंना तर कुठलाच शब्द लागला नाही. जिन्यात रश्श्याचा वास गेला आणि खालून हाक आली, “काय रं, पावणं आल्यात काय?” मी हो म्हणालो. पाच मिनिटांत वाटीभर मिरचीचा खरडा घेऊन त्या वर आल्या, तिला नीट बघून घेतलं आणि गेल्या. हॉटेलात नाहीतर रंकाळ्यावर गेलो असतो तर निदान तीन तरी नातेवाईक भेटले असते. त्या मानानं हे परवडलं.

ती परत येणार का, असं तुम्ही जरा खोचकच विचारलंय. येत्या रविवारी येणार आहे. डॉक्टरांनी तिला रात्री अर्ध्या भाकरीची मुभा दिली आहे आणि ती भाकरी ती स्वतः करून डब्यातून आणणार आहे. माझ्या हातच्या भाकरीवर तिचा भरवसा नाही.