मागचा दरवाजा आणि उरलेल्या जागा

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात: हापूसच्या पेट्यांचे भाव आणि मुलांच्या भवितव्यावरचे फॉरवर्ड. यंदाचा एक मेसेज मला चार ठिकाणांहून आला. त्यातले दोन पालकांचे, खाली ‘मॅडम, हे खरं का?’ असं विचारलेलं.

मेसेज थोडक्यात असा. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना मागचा दरवाजा आहे, त्याला ट्रान्सफर म्हणतात. पहिलं वर्ष नाशिकमध्येच करा, लाखो रुपये वाचवा आणि दुसऱ्या वर्षाला थेट आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा नामांकित विद्यापीठांत जा. स्पर्धा निम्मी. बारावीचे मार्क कोणी बघत नाही. १५ मेपर्यंत कळलं नाही तर नकार समजा. विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवर नवीन बॉक्स दिसला तर पेढे आणा. दर आठवड्याला एक मेल टाकत राहा. इथे केलेल्या विषयांचे क्रेडिट तिकडे सगळे जमा होतात. आणि शेवटी, एलसी आधीच काढून ठेवा म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. आजवर पाच मुलांचे ट्रान्सफरचे कागद माझ्या हातून गेलेत, त्यातली एक मुलगी गेली. तज्ज्ञ म्हणवून घ्यायला एवढं पुरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने असा एकही फॉर्म भरलेला नाही, हे ओळखायला मात्र पुरतं.

आधी त्या दरवाज्याचं बघू. ‘ट्रान्सफर’ म्हटलं की आपल्याकडे बदलीच आठवते. एका वडिलांनी मला खरंच विचारलं होतं, “यासाठी कुणाला भेटावं लागतं?” स्पर्धा निम्मी हा समज मात्र हवेतून आलेला नाही. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात बारावीनंतर अर्ज करणाऱ्या शंभरातल्या साधारण नऊ जणांना प्रवेश मिळतो, ट्रान्सफरवाल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला. आकडे खरे आहेत. फक्त ते चारातले एक कोण, हे मेसेजमध्ये नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत ट्रान्सफरने येणारी दहातली नऊ मुलं त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. तिथे दोन वर्षं ठरलेले विषय करायचे आणि मग तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायचं, अशी ती सरळ वाट राज्याने स्वतःच्या मुलांसाठी बांधलेली आहे. कॉर्नेल दरवर्षी शेकडो ट्रान्सफर घेतं, त्यातही न्यूयॉर्क राज्याशी जोडलेल्या शाखांचा आणि आधीच ‘पुढच्या वर्षी या’ असं सांगून ठेवलेल्या मुलांचा वाटा असतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघालेल्या मुलाला यातली कुठलीच वाट लागू नाही.

त्याला लागू पडतो तो प्रिन्स्टनसारख्यांचा हिशेब. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवली होती. २०१८ साली ती पुन्हा उघडली तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश मिळाला. स्टॅनफर्डमध्ये हे प्रमाण बहुतेक वर्षी शंभरात एक-दोनच्या घरात असतं. बारावीनंतर अर्ज करणाऱ्यांपेक्षा ही वाट रुंद नाही, बरेचदा अरुंदच आहे. कारण साधं आहे. ट्रान्सफरवाल्यांसाठी वेगळ्या जागा फारशा काढलेल्या नसतात. त्यांना मिळतात त्या उरलेल्या जागा. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून उलगडतं.

‘बारावीचे मार्क कोणी बघत नाही’ हे वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत मार्चमध्ये संपते: येलची १ मार्च, कॉर्नेलची १५ मार्च. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात तेव्हा एकाच सत्राचा निकाल असतो, आणि तोही लागलेला असेल तर. मग समितीपुढे दुसरं काय असणार? दहावी, बारावी आणि शाळेतल्या शिक्षकांचं मत. दोन वर्षं कॉलेज झालेल्याच्या बाबतीत बारावीचं वजन कमी होतं, हे खरं. पण मेसेज तर पहिल्याच वर्षाची गोष्ट करतोय.

आणि कॉलेजचे मार्क दाखवायचे म्हणजे काय असतं, ते एकदा प्रत्यक्ष बघा. होळीच्या आसपास एक मुलगा स्टाफरूममध्ये मिडटर्म रिपोर्टची, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या चालू सत्राच्या प्रगती-अहवालाची प्रिंट घेऊन आला. त्यात रकाने होते विषय, क्रेडिट आणि चालू सत्रातला आजचा ग्रेड, शेवटी प्रत्येक शिक्षकाची सही. आता आपल्याकडे ‘आजचा ग्रेड’ ही वस्तूच नसते. अंतर्गत चाचणीचे गुण असतात. सत्र परीक्षा व्हायची असते, तिचे पेपर तपासायचे असतात, मग निकाल. आम्ही सहाही विषयांचे अंतर्गत गुण लिहिले आणि एक वेगळा कागद जोडला: इथे चाळीसला पास होतात, सत्तरच्या पुढे विशेष प्राविण्य. नाहीतर तिकडचा माणूस सत्तर बघून मुलगा बेताचा समजायचा. मग ऑफिस. क्लार्कने कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “मॅडम, यावर जावक क्रमांक कुठे टाकू?” फॉर्मवर तशी जागाच नव्हती. शेवटी वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक पडला आणि गोल शिक्का बरोबर ग्रेडच्या रकान्यावर बसला, सत्तराचा सात दिसेना. दुसरी प्रिंट, दुसऱ्यांदा सहा सह्या, एक सर रजेवर. मुदतीला दोन दिवस उरले होते.

तर, १५ मे. ‘तोवर कळलं नाही तर नकार.’ या ओळीनेच सर्वांत जास्त झोप उडवली आहे, म्हणून इथे जरा थांबते. बारावीनंतर प्रवेश मिळालेल्या मुलांना आपलं उत्तर कळवायला साधारणपणे १ मेपर्यंत मुदत असते. आपण महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत असतो, तेव्हा तिकडे मोजणी चालू असते: किती आले, किती गळाले. त्यानंतर प्रतीक्षा यादीतल्यांना विचारायचं की ट्रान्सफरवाल्यांना घ्यायचं, वसतिगृहात किती खाटा आहेत, अमुक विभागात तिसऱ्या वर्षाला जागा आहे का, हे सगळं ठरतं. रेल्वेचा चार्ट लागल्याशिवाय टीसी बर्थ देत नाही, तसंच. म्हणून बरेचसे निर्णय मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येत राहतात. लॉस एंजेलिसचंच यूएससी हे खासगी विद्यापीठ तर काही अर्जदारांकडून चालू सत्राचे अंतिम गुण मागवून घेतं आणि त्यांचं उत्तर आणखी उशिरा देतं. त्या मुलांना नकार द्यायचा असता तर गुण मागवायची उठाठेव कशाला केली असती?

जागांचा हा हिशेब किती कोरडा असतो, ते २००८ साली दिसलं. हार्वर्डने त्या मार्चमध्ये जाहीर केलं की पुढची दोन वर्षं ट्रान्सफर घेणारच नाही, कारण वसतिगृहांत दाटी झाली आहे. अर्ज तेव्हा भरून झाले होते. ज्यांचे निबंध उत्तम होते त्यांचेही निबंध उत्तमच राहिले. खाटच नव्हती.

पोर्टलवरच्या बॉक्सबद्दल फार लिहीत नाही. आर्थिक मदतीचा रकाना उघडला, पत्ता तपासायला सांगितला, ‘अर्ज पूर्ण’चं ‘पुनरावलोकन चालू’ झालं, हे बदल सगळ्यांच्याच पोर्टलवर होत असतात. निकाल बरेचदा तिकडे संध्याकाळी लागतात. पूर्व किनाऱ्यावर पाचला लागला तर आपल्याकडे रात्रीचे अडीच, सातला लागला तर पहाटेचे साडेचार. मधल्या वेळात बॉक्स मोजत बसलेल्या मुलांचे डोळे मी सकाळच्या लेक्चरला बघते.

दर आठवड्याच्या मेलबद्दल एवढंच: नवा निकाल, बक्षीस, प्रकल्प असं काही सांगण्यासारखं असेल तर एकदा, पोर्टलवरून, चार ओळींत कळवा. ‘मी अजूनही उत्सुक आहे’ हे पाचव्यांदा वाचून कुणाचं मन वळत नाही. आणि आमदारांचं पत्र जोडू नका. हसू नका, एकाने विचारलं होतं.

क्रेडिटची गोष्ट मात्र गंभीर आहे, कारण तिथे पैसा आहे. कुठले क्रेडिट धरायचे हे बरेचदा प्रवेशानंतर ठरतं आणि ते ठरवतो तिकडचा विभाग, आपला अभ्यासक्रम समोर ठेवून. म्हणजे प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत हवी, तासांसकट. गणित, भौतिकशास्त्र बऱ्यापैकी जुळतं. पर्यावरणाचा पेपर, वर्कशॉप, इंजिनिअरिंग ड्रॉइंग यांचं काय होईल, सांगता येत नाही. शिवाय पदवी त्यांच्या नावाची हवी तर किमान दोन वर्षं तिथेच शिकावं लागतं, असा बहुतेक मोठ्या विद्यापीठांचा नियम असतो. इथे पहिलं वर्ष करून गेलेल्या आमच्या त्या विद्यार्थिनीला तिथे पुन्हा जवळपास पहिल्या वर्षातच बसवलं. ती खूश आहे. पण वाचलेले लाख कुठे गेले, ते तिच्या वडिलांना विचारा. आर्थिक मदतीचंही तसंच. परदेशी ट्रान्सफर अर्जदारांना अनेक ठिकाणी ती मर्यादित असते, आणि अर्ज करताना मागितली नाही तर स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी नंतर मागताही येत नाही.

‘वाट बघण्यात काय जातं?’ असंही कुणीतरी त्या मेसेजखाली लिहिलं होतं. इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने थोडी झुकते. उशिराची किंमत परदेशी मुलांना खरंच जास्त पडते. जूनमध्ये प्रवेश मिळाला तर आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र), त्यासाठी बँकेचे कागद, सेव्हिस या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर, मग व्हिसाची तारीख, पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि मुंबईत बीकेसीतली अमेरिकी वकिलात गाठायची. आणि वर्ग ऑगस्टअखेर सुरू. २०२५ साली तर २७ मेपासून तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबवलं होतं. म्हणून पासपोर्ट, बँकेची पत्रं, ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं अधिकृत गुणपत्रक) एप्रिलमध्येच तयार ठेवा. पेढे नकोत, पण फाइल हवी.

राहिली एलसी. मेसेजमधला सर्वांत धोक्याचा सल्ला हाच, कारण बाकीच्यांनी फार तर मनस्ताप होतो. तिकडच्या एकाही विद्यापीठाने माझ्या पाच मुलांपैकी कुणाकडे एलसी मागितली नाही. त्यांना लागते ट्रान्सक्रिप्ट, सीलबंद किंवा संस्थेच्या अधिकृत मेलवरून. एलसी काढली की इथलं नाव कापलं जातं. एका मुलाने मागे मेमध्येच ती काढली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चारही ठिकाणांहून नकार आले. दुसऱ्या वर्षाचे प्रवेश अजून चालू होते म्हणून अर्ज, हमीपत्र आणि प्राचार्यांची सही एवढ्यावर ती रद्द झाली. त्या दिवशी वडील ऑफिसच्या बाकावर तीन तास बसून होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ती एलसी.

यंदाही एक मुलगी वाट बघते आहे. तीन ठिकाणी अर्ज, एक नकार आलाय, दोन बाकी. रात्री अडीचचा गजर लावते म्हणाली. दुसऱ्या वर्षाचा इथला फॉर्म मी तिच्याकडून कालच भरून घेतला.