बोर्ड बदलण्याआधी रॅमवरच्या चिप मोजा

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 'डीडीआर३ रॅम म्हणजे डीडीआर३ रॅम. स्लॉटमध्ये बसली की चाललीच पाहिजे. चिप मोजा, लेबल वाचा असं सांगून तुम्ही लोकांना उगाच घाबरवता. माझ्या जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डावर ४ जीबीची नवी रॅम लावली तर स्क्रीन काळी, तीच मित्राच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डावर व्यवस्थित चालते. म्हणजे बोर्डच गेला. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारानेही बोर्ड बदला असंच सांगितलं.'

कृपया एवढ्यात बोर्ड घेऊ नका. जुनी २ जीबीची रॅम लावली की मशीन चालू होतं, हे तुम्हीच शेवटी लिहिलं आहे. गेलेला बोर्ड असा वागत नाही.

रॅमच्या कडेची खाच एकच काम करते: डीडीआर३ च्या जागी आधीच्या पिढीची डीडीआर२ बसू देत नाही. दोन्हींच्या पिना २४०च, म्हणून खाचेची जागा वेगळी. रॅमवर कोणत्या चिप आहेत, याच्याशी तिचा संबंध नाही. आणि तुमची अडचण नेमकी तिथेच असावी. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते २ गिगाबिटच्या १६ चिप लावून होतात किंवा ४ गिगाबिटच्या ८ लावून. या ४ गिगाबिटच्या चिपमधल्या सगळ्या रो (माहिती साठवणाऱ्या ओळी) गाठायला पत्त्याचे १६ बिट लागतात, आणि जी४१ कडे (तुमच्या बोर्डावर रॅम सांभाळणारी चिप) १५च आहेत. त्यामुळे ८ चिपची रॅम त्याला नीट वाचताच येत नाही. एच६१ वर मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा भाग) प्रोसेसरमध्येच असतो आणि त्याला या चिप चालतात. मित्राकडे रॅम चालली ती म्हणूनच.

तुम्ही वेगाबद्दलही विचारलंय. १६०० वेगाची रॅम जी४१ वर फार तर १०६६ ने चालते, त्याने काही अडत नाही. जुनी, वापरलेली रॅम घ्यायलाही माझा अजिबात विरोध नाही. उलट तुमच्या बोर्डाला लागणारी १६ चिपची रॅम आता जुन्या मालातच सापडण्याची शक्यता जास्त.

दुकानात गेलात की लेबलवर '२आरx८' (2Rx8) शोधा, म्हणजे १६ चिप. ४ जीबीच्या रॅमवर '१आरx८' असेल तर त्या ८ चिप, ती नको. पुढे 'पीसी३-१०६००यू' किंवा 'पीसी३-१२८००यू' असं काही असेल, त्यात शेवटी 'यू' हवा. 'आर' असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ती स्लॉटमध्ये बरोब्बर बसते, पण तुमच्या डेस्कटॉपवर चालणार नाही. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी स्वस्त रॅमही घेऊ नका, तिच्यावरच्या x४ चिप (एका वेळी ८ ऐवजी ४ बिट देणाऱ्या) इंटेलच्या डेस्कटॉप चिपसेटला चालत नाहीत. पैसे देण्याआधी परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.

घरी लावताना प्लग काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा (हलक्या हाताने; आपल्याकडच्या दमट हवेत याचा उपयोग होतो), आणि एकच रॅम लावून सुरू करा. चालू झालं की रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा. एकही चूक दिसली तर रॅम परत करा. विंडोज ३२ बिटचं असेल तर मात्र ४ जीबीही पूर्ण वापरात येणार नाही, ते आधी बघा.

बोर्ड बदलायच्या सल्ल्याचा मला खरंच राग आला. तुमचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर ७७५ सॉकेटचा (बोर्डावरच्या बैठकीचा) आहे, तो मित्रासारख्या एच६१ बोर्डावर बसतच नाही. म्हणजे तसा बोर्ड घेतला तर त्यामागोमाग प्रोसेसरही घ्यावा लागणार, आणि हा खर्च मुलाच्या बारावीच्या वर्षात, धडधाकट मशीन बाजूला टाकून.

रॅमच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव पाठवा. लेबल स्पष्ट दिसू द्या. काय घ्यायचं ते मी नेमकं सांगतो.