वीज सोडून सगळं लागतं

क्रिस्टल रेडिओला वीज लागत नाही. सेल नाही, चार्जर नाही, काही नाही. आकाशवाणी पुणे हडपसरहून 792 किलोहर्ट्झवर ज्या लहरी सोडते, त्यांतलीच चिमूटभर ऊर्जा तारेवर उतरवून घ्यायची आणि थेट कानात सोडायची. जन्म बँकेत गेलेल्या बाईला बिनव्याजी काही मिळतंय म्हटल्यावर मोह आवरेना. निवृत्तीनंतर काहीतरी नवं शिकायचं होतंच.

"वीज लागत नाही ना? मग कर," म्हणून नवरा पेपरात परत शिरला. सासूबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "लायसन्स काढलंस का?" त्यांच्या तरुणपणी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. ते पुस्तक त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत अजून जपून ठेवलंय. आता लागत नाही, हे त्यांना पटवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात रेडिओ झाला असता.

कॉइलसाठी तांब्याची इनॅमलवाली तार हवी. ती मिळते मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, वजनावर.

"किती एचपीची मोटर?"

"मोटर नाही, रेडिओ करायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तारेकडे, आणि म्हणाला, "रिकामं बंडल परत आणू नका, म्हणजे झालं."

तार पीव्हीसीच्या पाइपवर शेजारी शेजारी घट्ट गुंडाळायची, साधारण 100 वेढे. हे काम सोपं आहे, फक्त ज्या घरात कुकर असतो तिथे करू नये. मी त्रेसष्टवर आणि आतून हाक, "अगं, किती शिट्ट्या झाल्या?" मी म्हणाले, "चौसष्ट." डाळीचं काय झालं ते सोडा; वेढे पुन्हा एकपासून. शेवटी सासूबाई जपमाळ घेऊन समोर बसल्या. मी एक वेढा घालायचा, त्यांनी एक मणी ओढायचा. त्यामुळे आमच्या कॉइलला 108 वेढे आहेत आणि ती रामनामाने सिद्ध आहे. तांत्रिकदृष्ट्या त्याने काही बिघडत नाही. स्टेशनची जुळणी गँग, म्हणजे रेडिओतला फिरता कंडेन्सर, फिरवून करता येते.

खरी अडचण डायोडची. लहर सेकंदाला 7 लाख 92 हजार वेळा उलटसुलट होत असते, तेवढ्या वेगाने इअरफोनचा पडदा काय हलणार? डायोड तिची एकच बाजू पुढे सोडतो आणि उरलेल्या चढउतारातून बोलणं ऐकू येतं. म्हणजे लक्ष्मी रोडसारखा एकेरी मार्ग, फक्त इथे उलटं कोणी घुसत नाही. मात्र डायोड जर्मेनियमचाच हवा. तो 0.2–0.3 व्होल्टला वाट देतो, सिलिकॉनवाला 0.6 च्या पुढे गेल्याशिवाय दाद देत नाही. आणि तारेवर गोळा होणारं व्होल्टेज असतं जेमतेम. तपकीर गल्लीत विचारत फिरले. "जर्मेनियम? मॅडम, ते बंद झालं, हा घ्या, एकच आहे," असं म्हणत प्रत्येकाने सिलिकॉनचाच डायोड पुढे केला. इअरफोनची तीच कथा. मोबाइलचे इअरफोन 16 नाहीतर 32 ओहमचे, मला हवा हजारो ओहमचा, क्रिस्टलचा. तो मिळाला, पण एकाच कानाचा. जुन्या काळी माणसं एका कानाने ऐकत आणि दुसरा कान घराकडे ठेवत असावीत.

शेवटी माळ्यावरून सासूबाईंचा लग्नातला ट्रान्झिस्टर काढला, भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला. त्याच्या पोटात ओए-79, म्हणजे जर्मेनियमचाच डायोड होता, गँगही होती. "देहदान समज," सासूबाई म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे वळल्या.

डायोडचंच काम करणारा, गॅलिना या खनिजाचा डिटेक्टर जगदीशचंद्र बोसांनी केला, त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 साली मिळालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली इटलीत अँझिओच्या आघाडीवर, सैनिकांनी डायोडच्या जागी दाढीचं ब्लेड आणि पेन्सिलीचं शिसं वापरून रेडिओ केले. माझ्या मनात त्यांच्याविषयी अतीव आदर आहे. पण त्यांना फक्त बॉम्ब चुकवायचे होते. सोसायटीची कमिटी नव्हती.

792 किलोहर्ट्झची तरंगलांबी 379 मीटर भरते. तेवढी नको, पण वीसेक मीटर तार तरी उंचावर हवी. म्हणजे आमच्या गॅलरीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तार कशाची?" म्हटलं, रेडिओची. "मोबाइल आहे की तुमच्याकडे." कमिटीपुढे लेखी अर्ज गेला. तारेत करंट नाही, सांगितलं की ती गच्चीवरून काढीन, पाऊस आल्यास आणि वीज कडाडल्यास मी स्वतः ती सोडवून ठेवीन, तिच्यावर कपडे वाळत घालणार नाही, अशी हमी दिली. शेवटचं कलम त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

राहिलं अर्थिंग. पुस्तक सांगतं नळाच्या लोखंडी पाइपला जोडा. आमच्या इमारतीत लोखंडी असा आता फक्त सेक्रेटरींचा स्वभाव उरलाय, पाइप सगळे प्लॅस्टिकचे. म्हणून गॅलरीखाली जास्वंदीशेजारी जमिनीत सळई ठोकली. माती ओली असली की अर्थिंग चांगलं होतं, म्हणून सळईला रोज तांब्याभर पाणी. खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "कसलं रोप लावलंय?" म्हटलं, आकाशवाणी. त्या दुसऱ्या दिवसापासून तिथे दोन फुलं वाहू लागल्या.

मग एके सकाळी गँग फिरवता फिरवता कानात खरोखर माणूस बोलला. आवाज इतका बारीक की पंखा बंद, मिक्सर बंद, टीव्ही बंद, आणि पुण्यातला एप्रिल चालू. बिनविजेच्या रेडिओसाठी घरातली सगळी वीज बंद करावी लागते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. घाम पुसत नवरा म्हणाला, "बिल तरी कमी येईल."

रेडिओ सध्या सासूबाईंकडे आहे. 7 वाजून 5 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना त्या गॅलरीत बसतात, इअरफोन कानात घालतात आणि ऐकलेली प्रत्येक ओळ खणखणीत आवाजात पुढे ढकलतात, मधेमधे स्वतःची टिप्पणी घालून. सर्किटमध्ये ॲम्प्लिफायर नव्हता, तो असा बसला. सेक्रेटरी फिरून येताना खाली थांबतात.

"काय म्हणतात आजी, खडकवासल्यात पाणी किती?"

"थांब हो, आत्ता सांगतायत. तारेला हात लावू नकोस."