ग्राफ्टची जागा दुखते म्हणजे ऑपरेशन फसलं का?

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश: "एसीएलच्या ऑपरेशनात चांगली शीर कापून घेतात. ती परत येत नाही, पाय अधू होतो. गुडघा पुढून दुखला तर ऑपरेशन फसलं समजा. गुडघ्याखाली उशी घेऊन आराम करा, तीन महिन्यांत गरबा खेळाल."

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. ते तुटलं की त्याच्या जागी शरीरातूनच काढलेला दुसरा तुकडा बसवतात, तो ग्राफ्ट. त्यासाठी घेतात ती शीर नव्हे, टेंडन. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. बहुतेक वेळा ती मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगची असते आणि नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला लहानसा छेद देऊन ओढून काढतात. बऱ्याच जणांत तिच्या जागी काही महिन्यांत नवी दोरी तयार होते, फक्त ती मूळ जागेपेक्षा थोडी वर चिकटते. टाच कुल्ल्याला लावण्याची ताकद थोडी कमी राहू शकते. त्याला अधू म्हणत नाहीत.

संदेशात नसलेली एक भीती, बधिरपणाची, मात्र निराधार नाही. छेदाजवळून त्वचेच्या संवेदनेची बारीक नस जाते. ती दुखावली की वाटीखाली, बाहेरच्या बाजूला बधिर चकता पडतो. तो हळूहळू आक्रसतो, कधी थोडा कायम राहतो. ताकदीशी त्याचा संबंध नाही.

आता पुढच्या दुखण्याचं. आधी विचारा, ग्राफ्ट कुठून घेतला? वाटीखालच्या टेंडनचा असेल तर मधला सुमारे 10 मिलिमीटरचा पट्टा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह घेतलेला असतो. मग गुडघे टेकून पूजेला बसताना ती जागा ठणकणारच. हॅमस्ट्रिंगपेक्षा या ग्राफ्टमध्ये हे जास्त दिसतं. ही त्या जागेची किंमत आहे. लिगामेंट फसल्याची खूण वेगळी: वळताना गुडघा सटकतो, पाय दगा देतो.

हॅमस्ट्रिंगवाल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत कधी मांडीमागे 'फट्' झाल्यासारखं वाटतं, मग पोटरीपर्यंत निळं पडतं. घाबरगुंडी उडते ती इथेच. पण ग्राफ्ट आता गुडघ्याच्या आत, हाडातल्या बोगद्यांत आहे. ओढ बसली ती काढलेल्या जागेला. फिजिओला सांगा आणि वजन लावून टाच मागे ओढण्याचा व्यायाम काही दिवस थांबवा.

ग्राफ्ट कुठलाही असो, पुढून दुखण्याचं एक मोठं कारण म्हणजे गुडघा पूर्ण सरळ न होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू झोपून राहणं. संदेशातली उशी नेमकं तेच करते. उशी हवी ती टाचेखाली, गुडघा अधांतरी. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं, आणि मध्ये गुडघा खाली दाबून 5 सेकंद धरायचा. दुसऱ्या पायाइतकं सरळपण सुरुवातीच्या आठवड्यांतच आलं पाहिजे. शेवटच्या टप्प्यात गुडघा अडत असेल किंवा 'कट्' वाजत असेल, तर ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ झाली का, ते सर्जनने पाहावं.

तीन महिन्यांत गरबा? दुखणं तेव्हा कमी झालेलं असतं, फसगत तिथेच होते. आत बसवलेल्या टेंडनमध्ये नवा रक्तपुरवठा येऊन ते लिगामेंटसारखं घडायला महिने लागतात, आणि मधल्या काळात ते उलट कमजोर होतं. रोवलेल्या पायावर गिरकी घेणं म्हणजे एसीएलवर थेट ताण. निदान 9 महिने, आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्के. जूनमध्ये ऑपरेशन झालं असेल तर यंदा टाळ्या वाजवा, फेर पुढच्या वर्षी.

किंमत मोजावी लागते, एवढंच त्या संदेशात खरं. म्हणून ऑपरेशनआधीच सर्जनला तुमचं काम सांगा. फरशी बसवणाऱ्याला किंवा भटजींना वाटीखालचा ग्राफ्ट जड जातो. धावणाऱ्याने हॅमस्ट्रिंग देताना विचार करावा.

ताप, जखमेतून पाणी, पोटरी सुजून ताठ होणं, किंवा कालपर्यंत सरळ उचलला जाणारा पाय आज अचानक न उचलणं: यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.